मैलांचें उद्यापन

चातुर्मास लागला कीं आमच्या सदाशिव पेठेंतील घरीं मोजदाद सुरू होत असे. आजी लक्ष वाती वळावयास बसे, काकू गणपतीस लाख दूर्वा वाहण्याचा संकल्प सोडी, आणि वाड्यांतील मागच्या बिऱ्हाडांत राहणाऱ्या एक वृद्ध बाई तुळशीस लक्ष प्रदक्षिणा घालीत. शंभर प्रदक्षिणा झाल्या म्हणजे त्या एक चिंचोका ह्या वाटींतून त्या वाटींत टाकीत. एके दिवशीं आम्हां मुलांनीं सागरगोटे खेळावयास म्हणून त्यांतले आठ-दहा चिंचोके पळविले. आपल्या जवळजवळ हजार प्रदक्षिणा गेल्या म्हणून त्या बाईंनीं जो आकांत मांडला, तो आम्हांस अद्याप आठवतो. आजीनें त्यांची समजूत घातली : "अहो, घातल्या त्या घातल्या. तुमच्या वाटींत नसल्या तरी देवाकडं मांडलेल्या आहेत."

मोजण्याच्या बाबतींत आजी अशी उदार असली, तरी एका गोष्टींत ती फार कडक होती. लाख पुरे झाले कीं मोजणें थांबवावयाचें आणि मेहूण जेवूं घालून, दान देऊन उद्यापन करावयाचें. लाखावर आणखी मोजीत बसणें यास ती हावरटपणा म्हणे. आणि उद्यापनावांचून राहिलेलें व्रत म्हणजे तिच्या दृष्टीनें डोक्यावरचें ऋणच. 'सवड झाली म्हणजे करूं' हें वाक्य उद्यापनाच्या बाबतींत तिच्यापुढें उच्चारण्याची कोणाची छाती नव्हती.

ही जुनी हकीकत आठवण्यास कारण झाली ती वडिलांची एक वही. वडील वारल्यानंतर त्यांचें कपाट आवरतांना विम्याचे कागद, मुदत ठेवींच्या पावत्या आणि घरपट्टीचीं बिलें यांच्याखालीं ती सांपडली. लाल कापडी पुठ्ठ्याची, जमा आणि खर्च असे दोन रकाने पाडलेली. जमेच्या बाजूस त्यांच्या बारीक अक्षरांत तारीख, पुढें 'पुणें ते दिल्ली' आणि त्यापुढें '७३०' असा आंकडा. त्याखालीं 'दिल्ली ते पुणें', पुन्हां '७३०'. मग कलकत्ता, मद्रास, मधूनच फ्रँकफुर्ट. प्रत्येक पानाखालीं बेरीज, आणि ती पुढील पानाच्या माथ्यावर ओढलेली. अखेरची बेरीज ६१,४१० मैल. खर्चाचा रकाना मात्र पहिल्या पानापासून शेवटल्या पानापर्यंत कोरा होता.

वडील पिंपरीच्या एका कारखान्यांत यंत्रांच्या देखभालीचें काम पाहत. कारखान्यानें विकलेलें यंत्र देशांत कोठेंही बंद पडलें, कीं त्यांस जावें लागे. परदेशचें विमान मुंबईहून. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग २००२ सालीं पुरा झाला. त्यापूर्वींच्या दिवसांत रात्रीं दहा-अकरा वाजतां दाराशीं टॅक्सी येई आणि जुन्या रस्त्यानें बोरघाट उतरून पहांटेपर्यंत ते सहार गांठीत. आई दशम्या आणि लिंबाचें लोणचें बांधून देई, टॅक्सी वळणापलीकडे जाईपर्यंत ओट्यावर उभी राही, आणि मग दिवा मालवून, आजीचें अंग चेपून देऊन निजे. आमच्या मुंजीच्या आदल्या दिवशीं वडील जमशेदपुरास होते. बहिणीची मॅट्रिकची परीक्षा, आजोबांचें शेवटचें आजारपण, धाकट्याचा हात मोडला ती दिवाळी, या प्रत्येक वेळीं घरीं आई होती, आणि वहींत त्या तारखेस एखादा आंकडा आहे. आम्ही तारखा ताडून पाहिल्या म्हणून हें सांगतों.

मैल मोजून गिऱ्हाईक बांधून ठेवण्याची ही युक्ति मूळची अमेरिकेची. तेथें १९७८ सालीं विमानभाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठविण्याचा कायदा झाला. कंपन्यांमध्यें चढाओढ लागली आणि उतारू जेथें भाडें स्वस्त तेथें जाऊं लागले. त्यांस आपल्याकडे टिकविण्यासाठीं अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीनें १ मे १९८१ पासून असें जाहीर केलें कीं, आमच्या विमानानें जितके मैल जाल तितके तुमच्या नांवें जमा करूं आणि पुरेसे झाले म्हणजे एक प्रवास फुकट देऊं. युनायटेडनें त्याच महिन्यांत तिचा कित्ता गिरविला आणि मग ही प्रथा जगभर पसरली. (पुण्यांतील दुकानदार दुपारीं एक ते चार दुकान बंद ठेवूनही पिढ्यान्‌पिढ्या गिऱ्हाईक टिकवितो, ही विद्या अमेरिकनांस अवगत नव्हती.) आपल्याकडे जे. आर. डी. टाटा यांनीं १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईस टपालाच्या थैल्या घेऊन विमान आणलें, तेव्हां उतारूंचे मैल मोजण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्या फेरींत उतारूच नव्हते. पुढें १९४६ सालीं बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांच्या कल्पनेंतून एअर इंडियाचा तो लवून नमस्कार करणारा मिशाळ महाराजा जन्मास आला. आज त्या कंपनीच्या पॉइंट-योजनेस त्याचेंच नांव आहे. १२ नोव्हेंबर २०२४ रोजीं विस्तारा ही कंपनी एअर इंडियांत विलीन झाली, तेव्हां तिच्या सभासदांचे पॉइंट या 'महाराजा क्लबां'तच वर्ग झाले.

विस्ताराचे सभासद तसे सुदैवी. किंगफिशरचीं विमानें ऑक्टोबर २०१२ मध्यें जमिनीवर उतरलीं तीं पुन्हां उडालीं नाहींत, आणि त्या विमानांच्या भरंवशावर ज्यांनीं मैल सांठविले होते ते आंकडे बघत बसले. जेट एअरवेजचीं विमानें १७ एप्रिल २०१९ रोजीं थांबलीं. तिची मैलांची योजना निराळ्या संस्थेकडे असल्यामुळें ती मात्र वांचली आणि 'इंटरमाइल्स' हें नवें नांव घेऊन चालत राहिली. कंपनी चालू असली तरीही धोका टळतो असें नाहीं. २०१५ सालीं डेल्टा आणि युनायटेड या दोन अमेरिकन कंपन्यांनीं उडालेल्या अंतराऐवजीं भरलेल्या भाड्याच्या रकमेवर मैल देण्यास आरंभ केला, म्हणजे नांव मैलाचें आणि माप रुपयाचें. हें चलन छापतो कोण, त्याचा भाव ठरवितो कोण, आणि तें रद्द करतो कोण, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे. अशा चलनांत आयुष्याची पुंजी सांठविणें हें मुदत ठेवीवर अर्धा टक्का अधिक मिळावा म्हणून तीन बँका फिरणाऱ्या आमच्या वडिलांनीं कसें केलें, याचा आम्हांस प्रथम अचंबा वाटला.

त्यांचे मैल कोणत्या कंपनीचे होते तें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. वारस या नात्यानें आम्हीं मृत्यूचा दाखला जोडून पत्र लिहिलें. उत्तर सभ्य भाषेंत आलें : मैल ही सभासदाची मालमत्ता नसून कंपनीनें दिलेली सवलत आहे, ती वारसांकडे जात नाहीं, शिवाय त्यांतील बहुतेक मैल मुदत संपल्यामुळें पूर्वींच बाद झालेले आहेत. नियमावली काढून पाहतां हें सर्व तींत स्पष्ट छापलेलें होतें. वडिलांनीं ती वाचली नसेल, असें म्हणवत नाहीं. ते पावतीच्या मागील बाजूचा मजकूरही वाचीत.

मग त्यांनीं ते वापरले कां नाहींत? हें आईनें सांगितलें. प्रथम ते बहिणीच्या बाळंतपणासाठीं दोघांनीं अमेरिकेस जावें म्हणून राखले होते. त्याच सुमारास आजी अंथरुणास खिळली, आणि बहिणीची सासूच तिकडे गेली. मग काशीचा बेत ठरला, तर धाकट्याचें इंजिनिअरिंगचें शेवटचें वर्ष आलें. पुढें वाडा पाडून इमारत बांधावयाची ठरली. बिल्डर, भाडेकरू आणि महापालिका यांत चार वर्षें गेलीं. प्रत्येक वेळीं वडील म्हणत, "राहूं देत. कुठं जातात? जमाच आहेत." आईनें त्या कोऱ्या रकान्यावरून बोट फिरविलें आणि म्हणाली, "हे इतके मैल फिरले, आणि मी लोहगांवच्या फाटकाच्या आंत कधीं पाऊल टाकलं नाहीं." आई तेव्हां अडुसष्ट वर्षांची होती आणि विमानांत एकदांही बसलेली नव्हती.

मैलाची किंमत काय, हा प्रश्न पुणेकर रुपयांतच विचारणार, म्हणून तो हिशेब आधीं सांगून टाकतों. समजा, एका प्रवासाचें तिकीट ८,४०० रुपयांस आहे, आणि तेंच १०,००० पॉइंट अधिक करांचे १,४०० रुपये भरून मिळतें. म्हणजे दहा हजार पॉइंटांनीं सात हजार रुपये वांचविले. पॉइंटाचा भाव सत्तर पैसे. त्याच दहा हजारांत कंपनीच्या यादींतील अडीच हजारांचा मिक्सर घेतला, तर भाव पंचवीस पैशांवर येतो. मिक्सर घेणारीं माणसें पुष्कळ असतात आणि कंपनीस तीं फार प्रिय असतात. क्रेडिट कार्डाचेंही तसेंच. दर शंभर रुपयांच्या खरेदीस एक पॉइंट मिळत असेल, तर सत्तर पैशांच्या भावानेंही तो शेकडा एक रुपयाहून कमी लाभ झाला. आणि कार्डाची बाकी वेळेवर न भरल्यास महिन्यास शेकडा तीन रुपयांहून अधिक व्याज बसतें. घरांत लागणारें धान्य, विजेचें बिल, मुलांची फी यांवर पॉइंट मिळाले तर घ्यावेत. पॉइंटांसाठीं फ्रीज घेणें म्हणजे चिंचोके वाढावेत म्हणून तुळशीभोंवतीं धांवत सुटणें होय. याहून अधिक या हिशेबांत कांहीं नाहीं.

पण हा हिशेब पुरा नाहीं हें आम्हांस घरांतल्या एका भांडणानें कळलें. वडिलांच्या प्रकरणानंतर आम्हां दोघां भावांनीं ठरविलें कीं, आतां मैल एके ठिकाणीं गोळा करावयाचे आणि मुदतीच्या आंत आईस काशीस न्यावयाचें. कांहीं कंपन्या कुटुंबांतील माणसांस आपले पॉइंट एका सामायिक खात्यांत एकत्र करूं देतात. एकत्र कुटुंब मोडून माणसें वेगळालीं राहूं लागलीं, आणि पॉइंटांचें मात्र एकत्र कुटुंब झालें, असा विनोदही आम्हीं केला. वाड्याच्या जागीं झालेल्या इमारतींत एकाच मजल्यावर आमचीं तीन बिऱ्हाडें असल्यामुळें आम्हांस तो विनोद परवडत होता.

प्रत्यक्ष आंकडे पाहतां असें दिसलें कीं, आमचे स्वतःचे पॉइंट तीन हजार, भावाचे पांच हजार, आणि आमच्या धाकट्या भावजयीचे एकटीचे चव्वेचाळीस हजार. ती खराडीच्या एका संगणक कंपनींत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि महिन्यांतून दोनदां-तीनदां बंगळूर नाहीं तर दिल्ली करते. आम्हीं मोठेपणाच्या ऐटींत तिच्या पॉइंटांसह बेरीज मांडली. तिनें कागद पाहिला आणि शांतपणें म्हणाली, "भाऊजी, आईंना न्यायचं तर आहेच. पण हे मैल मला विचारून मांडायला हवे होते. यांतल्या प्रत्येक मैलाला मी माझ्या मुलीला झोपवायला घरीं नव्हतें."

घरांत कांहीं वेळ कोणीच बोललें नाहीं. भाऊ चिडला होता. आम्ही चिडलों नव्हतों असें म्हटल्यास तें खोटें होईल. 'घरचें तें सगळ्यांचें' हा धडा आम्ही जन्मभर ऐकत आलों, आणि तो सांगणाऱ्यांत कमावणारा सहसा पुरुषच असे, ही गोष्ट आम्हांस त्या संध्याकाळपर्यंत सुचली नव्हती. आई मात्र उठली आणि आंतून वडिलांची वही घेऊन आली. भावजयीपुढें ती ठेवून म्हणाली, "तुझं खरं आहे. हे सगळे मैल हे नसल्याचे आहेत. यांचे मी राखले, तुझे तुझ्या मुलीनं राखले. तिला विचार."

पुतणी तेव्हां सात वर्षांची होती. तिला विचारण्यांत आलें. आजी विमानांत बसणार असेल तर आपणही बसणार, खिडकीशीं बसणार, आणि आई बरोबर असली पाहिजे, अशा तीन अटींवर तिनें संमति दिली. आमचा आणि भावाचा काशीस जाण्याचा हक्क येथें संपला.

दिवस ठरविण्याचें काम आमच्याकडे आलें. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टींत पॉइंटांवर देण्याच्या जागा शोधूनही मिळेनात, आणि मिळाल्या तेथें पॉइंट दुप्पट मागत होते. शेवटीं पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून वाराणसी अशा तीन जागा बऱ्या भावांत मिळाल्या त्या भाद्रपदांत, ऐन पितृपक्षांत. पक्षांत शुभकार्य नाहीं, आणि मौजेचा प्रवासही लोक टाळतात, म्हणून असेल. आई हें ऐकून नकार देणार अशी आमची खात्री होती. वडिलांची तिथि पक्षाच्या आरंभींच येते. तिनें पंचांग पाहिलें, घरचें श्राद्ध होऊन चार दिवस मध्यें राहतात याची खात्री केली आणि म्हणाली, "पितरांनाच भेटायला जायचं, तर तें पक्षांत नाहीं तर केव्हां?"

लोहगांवचा तळ मूळचा हवाई दलाचा, आणि धावपट्टी अजूनही त्यांचीच. १४ जुलै २०२४ पासून उतारूंसाठीं तेथें नवी प्रशस्त इमारत झाली आहे. ज्या जुन्या फाटकाशीं आई वडिलांस निरोप देई, तें दाखवावें म्हणून आम्हीं गाडी मुद्दाम तिकडून घेतली. तिनें फारसें लक्ष दिलें नाहीं. पुतणीच्या वेणीची रिबन सुटली होती. आंत जाण्यापूर्वीं तिनें दशम्यांचा डबा चांचपून पाहिला. आमच्या हातांत कांहींच काम नव्हतें. काचेपलीकडे तिघी दिसेनाशा होईपर्यंत आम्ही बाहेर उभे होतों, आणि ओट्यावर उभें राहणें म्हणजे काय असतें तें वयाच्या पन्नाशीनंतर आमच्या वांट्यास आलें.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं घरचें कर्ज फेडावें म्हणून दक्षिणेच्या आशेनें काकांसह उत्तरेकडे निघाले, तेव्हां पुण्यावरूनच पायीं गेले. बंडाच्या धामधुमींत ते झांशीच्या वेढ्यांत सांपडले, मिळविलेली दक्षिणा लुटली गेली, आणि अखेर ते घरीं पोंचले तेव्हां त्यांच्याजवळ शिल्लक होती ती गंगेच्या पाण्याची कावड. तिनें त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. 'माझा प्रवास' या नांवानें ती हकीकत १९०७ सालीं छापली गेली; आमच्या घरीं तिची जीर्ण प्रत आहे आणि आईनें ती अनेकदां वाचली आहे. गोडसेभटजींस सातपुडा ओलांडण्यास किती दिवस लागले असतील ते लागोत. आईस पुण्याहून दिल्लीस जाण्यास सुमारें दोन तास लागले. परत आल्यावर तिनें सांगितलें कीं, वैमानिकानें नर्मदेचें नांव घेतलें नाहीं, पण ढगांतून एक रुंद पात्र चमकलें तेव्हां तिनें आपली नर्मदाच समजून हात जोडले. पुतणीनेंही जोडले. भावजय झोंपली होती. आदल्या रात्रीं ती बंगळुराहून परतली होती.

काशीस गंगा चढलेली होती. घाटांच्या पायऱ्या पाण्याखालीं, नावा बंद, संध्याकाळची आरतीही वरच्या बाजूस घेतलेली. मणिकर्णिकेच्या बाजूस शिंद्यांचा घाट, दशाश्वमेधाजवळ अहल्याबाईंचा, असें जें सारें पाहावयाचें म्हणून आम्हीं यादी करून दिली होती, त्यांतलें निम्में गढूळ पाण्याखालीं होतें. विश्वेश्वराचें दर्शन झालें; सध्याचें मंदिर अहल्याबाई होळकरांनीं अठराव्या शतकांत बांधविलेलें, हें आईनें पुतणीस रांगेंत सांगितलें आणि पुढच्या दोघां अनोळखी मराठी बायकांनींही ऐकून घेतलें. बुडी मारतां आली नाहीं. वरच्या पायरीवर बसून तिनें तांब्यानें तीन वेळां पाणी डोक्यावर घेतलें, चौथा तांब्या भावजयीच्या हातावर घातला, आणि उरलेली दुपार त्या तिघी एका गल्लींतील दुकानाच्या फळीवर बसून कचोरी खात होत्या. या प्रवासांत सर्वांत चांगलें काय वाटलें, असें विचारल्यावर पुतणी कचोरी सांगते आणि आई खिडकी सांगते. भावजय म्हणते, तीन दिवस फोन बंद होता.

गंगेचा छोटा गडू बोचक्यांत बांधून पुण्यास आला. तो देवांत ठेवल्यानंतर आईनें वडिलांची वही मागितली. खर्चाच्या पहिल्या कोऱ्या ओळीवर तारीख घातली, 'पुणें ते काशी, व परत, माणसें ३' असें लिहिलें, पुढें खर्ची पडलेल्या पॉइंटांचा आंकडा भावजयीस विचारून घातला. ते मैल निराळ्या कंपनीचे, निराळ्या खात्याचे आहेत, त्या वहींत ते मांडतां येत नाहींत, असें आमच्या भावानें तिला समजावून सांगावयास आरंभ केला. तिनें चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलें, आंकड्याखालीं रेघ ओढली आणि विचारलें, "उरले किती?"

उरलेल्यांत दोन माणसांचें हैदराबाद होतें. मार्गशीर्षांतली एक तारीख भावजयीनें पाहून ठेवली आहे. पुतणीची शाळा बुडणार आहे, आणि त्याबद्दल शाळेस चिठ्ठी लिहिण्याचें काम आमच्याकडे आलें आहे.